सायकल ठेवू कुठे?

मल्लेश्वरमच्या पंधराव्या क्रॉसवर उभं राहिलं, तर भारतीय विज्ञान संस्था, यशवंतपूरचं रेल्वे स्टेशन, राजाजीनगरचा जुना औद्योगिक पट्टा आणि मॅजेस्टिकचा बसस्टँड ही चारही ठिकाणं साधारण पाच किलोमीटरच्या आत येतात. ताशी पंधराच्या निवांत चालीनं सायकल मारली तरी वीस मिनिटांचा रस्ता. बेंगळुरू समुद्रसपाटीपासून सुमारे तीन हजार फुटांवर वसलेलं, त्यामुळे मुंबईसारखं चार पावलांत अंग भिजत नाही. टॉमटॉम या कंपनीनं २०२२ साली जगभरच्या शहरांतल्या वाहतुकीचा वेग मोजला, तेव्हा बेंगळुरूच्या मध्यभागात दहा किलोमीटर जायला मोटारीला सरासरी २९ मिनिटं १० सेकंद लागत होती, आणि संथपणात या शहराचा जगात दुसरा नंबर होता. म्हणजे चार-पाच किलोमीटरच्या अंतरात सायकल मोटारीच्या फारशी मागे राहत नाही. गाडी लावायला जागा हुडकण्याचा वेळ धरला, तर कित्येकदा ती पुढेच असते.

तरी सकाळी नऊ-साडेनऊला सॅम्पिगे रोडवर ऑफिसला निघालेल्या सायकली शोधाव्या लागतात. कारण विचारलं की उत्तर ठरलेलं: रस्ते, ट्रॅफिक, बेशिस्त बस आणि रिक्षा. ते खरंच आहे. पण दुसरं एक कारण आहे, जे सहसा कुणी बोलून दाखवत नाही. पोहोचल्यावर सायकल ठेवायची कुठे, याचं उत्तर नसतं. आठ-नऊ तास ती उन्हापावसात, कुणाच्या तरी वाटेत, चोराच्या हाताशी उभी राहणार असेल, तर माणूस दोन-चार दिवस हौस करतो आणि पाचव्या दिवशी स्कूटरची किल्ली उचलतो.

माझं म्हणणं इतकंच, की शहरात सायकल परत आणायची असेल तर सुरुवात कामाच्या जागेपासून करावी. रस्ता सुरक्षित करणं महापालिकेचं काम आहे, त्याला निधी लागतो, निविदा लागतात, वर्षं लागतात. ऑफिसच्या आवारातली दहा सायकलींची जागा एका व्यवस्थापकाच्या सहीनं आणि एका वेल्डरच्या दोन दिवसांच्या कामानं होते.

सॅम्पिगे रोडलगतच्या एका पाच मजली इमारतीत मला अधूनमधून कामासाठी जावं लागतं. पहिल्यांदा सायकलवर गेलो तेव्हा रॅम्पच्या तोंडाशीच सिक्युरिटीवाल्या अण्णांनी हात आडवा केला. ‘सैकल होरगडे इडि, सर.’ सायकल बाहेर लावा. बाहेर म्हणजे फुटपाथवर, गटाराच्या तिरक्या फरशीला टेकवून, साखळी विजेच्या खांबाला. खाली तळघरात मोटारींच्या आखलेल्या जागांपैकी दोन रिकाम्या होत्या, समोर साखळी लावलेली. बोलता बोलता कळलं, की ते विजापूरकडचे. मग अण्णांचं कानडी आणि माझं मराठी एकमेकांत मिसळलं आणि त्यांनी मला जनरेटरच्या मागची जागा दाखवली. तिथे चार काळ्या सायकली एकीवर एक रेलून उभ्या होत्या: एक त्यांची स्वतःची, एक रात्रपाळीच्या गड्याची, दोन साफसफाईच्या बायकांच्या घरच्यांच्या. एका सायकलचं पुढचं मडगार्ड जनरेटरच्या धुरानं काळंकुट्ट झालेलं. ‘कोणी साहेब आले की ह्या पण हलवायला लागतात,’ अण्णा म्हणाले.

त्या जनरेटरमागच्या चार सायकली मला फार महत्त्वाच्या वाटतात. ऑफिसात सायकलीची सोय हा विषय निघाला, की डोळ्यांसमोर हेल्मेट घातलेला, पन्नास हजारांच्या गिअरच्या सायकलीवरचा संगणक अभियंता येतो. तो आहेच. पण त्याच इमारतीत झाडणारे, चहा देणारे, पहारा करणारे, कुरिअर आणणारे लोक कित्येक वर्षं सायकलनंच येत आहेत आणि त्यांची सायकल कुठल्याच नकाशात नाही. २०११च्या जनगणनेत कामावर जाण्याचं साधन विचारलं गेलं. शेतीबाहेरच्या कामकऱ्यांपैकी सुमारे १३ टक्के लोक सायकलनं कामाला जात होते, मोटारसायकल-स्कूटरवाल्यांच्या जवळपास बरोबरीनं. त्याच जनगणनेत देशातल्या ४४.८ टक्के घरांत सायकल होती. तेव्हा सायकल स्टँडची मागणी ही मूठभर हौशी लोकांची हौस आहे, हा समज मुळातून खोटा आहे.

एके काळी हे सांगावं लागत नव्हतं. बेंगळुरूचे मोठे सरकारी कारखाने, १९४०चा हिंदुस्तान एअरक्राफ्ट, १९४८चा इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज, १९५३चा हिंदुस्तान मशीन टूल्स, १९५४चा भारत इलेक्ट्रॉनिक्स, उभे राहिले ते सायकलस्वार कामगारांच्या जोरावर. त्या काळच्या कारखान्यांच्या फाटकाआत पत्र्याच्या लांबच लांब शेड असायच्या आणि पाळी सुटली की शेकडो सायकली एकदम बाहेर पडायच्या. कारखाना बांधताना कँटीन, संडास आणि सायकल स्टँड या तिन्ही गोष्टी एकाच कागदावर येत. पुण्याला सायकलींचं शहर म्हणत, त्याच्यामागेही खडकीच्या दारूगोळा कारखान्यापासून कचेऱ्या, कॉलेजं, थिएटरांपर्यंत सगळीकडे असलेले सायकल स्टँड होते. बेळगाव, कोल्हापूर, सांगली, कुठेही जा, थिएटरच्या बाजूला स्टँड, हँडलला दोऱ्यानं बांधलेली अर्धी चिठ्ठी आणि दुसरी अर्धी आपल्या खिशात. चिठ्ठी हरवली तर स्टँडवाला सायकल सोडायचा नाही. किती साधी, किती पक्की व्यवस्था.

मल्लेश्वरमशी या कथेला जोडणारा एक धागा थेट मराठी आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात धंद्याची सुरुवात केली ती सायकलींच्या दुकानानं. मुंबईत शिक्षकाची नोकरी करता करता ते सायकली घेऊन बेळगावला पाठवत आणि तिथे त्यांचे बंधू त्या विकत. त्या दुकानाचा रस्ता बेळगावात आजही किर्लोस्कर रोड म्हणून ओळखला जातो. पुढे नांगर, किर्लोस्करवाडी, पंप, इंजिनं हा सगळा इतिहास झाला, आणि १९४६ साली लक्ष्मणरावांचे चिरंजीव रवी किर्लोस्कर यांनी बेंगळुरूत किर्लोस्कर इलेक्ट्रिक सुरू केली. कंपनीचा पत्ता कित्येक वर्षं मल्लेश्वरम पश्चिम असाच छापला जायचा. त्याच भागात आज चाळीस एकरांवर ब्रिगेड गेटवे उभं आहे: वर्ल्ड ट्रेड सेंटरचा मनोरा, मॉल, हॉटेल, निवासी इमारती. थोडं अलीकडे, जिथे राजा मिल होती तिथे मंत्री स्क्वेअर मॉल आला. गिरण्या आणि कारखाने गेले, ऑफिसं आणि दुकानं आली. कामाला येणारी माणसं तेव्हापेक्षा कमी नाहीत, उलट जास्तच असतील. फरक एवढाच, की कारखान्याच्या आराखड्यात सायकलीला घर होतं, आणि नव्या इमारतींच्या आराखड्यात मोटारीच्या जागेचा हिशेब आधी होतो आणि बहुतेक वेळा तिथेच संपतो.

हे एका रात्रीत झालं नाही. सत्तरच्या दशकापासून स्कूटर मध्यमवर्गाच्या हातात यायला लागली. स्टँड तेच राहिले, त्यात आधी दोन स्कूटर शिरल्या, मग दहा, मग सायकलींची रांग भिंतीकडे सरकली, आणि शेवटी ‘टू-व्हीलर पार्किंग’ अशी पाटी लागली तेव्हा सायकल दुचाकी असूनही तिच्यात मोजली जाईना. आज बेंगळुरूत नोंदलेल्या वाहनांची संख्या एक कोटीच्या वर आहे. इतक्या गाड्यांनी जागेसाठी रेटारेटी केली की सगळ्यात हलकं वाहन सगळ्यात आधी बाहेर ढकललं जातं.

याच कर्नाटकात २००६-०७ सालापासून सरकारी शाळांतल्या आठवीच्या मुलामुलींना मोफत सायकली द्यायला सुरुवात झाली. खेड्यातल्या मुलींच्या शिक्षणात त्या सायकलीनं काय केलं हे ज्यांनी पाहिलं आहे ते विसरणार नाहीत. पहिल्या वर्षांत सायकल मिळालेली ती मुलं आज तिशीत आहेत. त्यांच्यातली कितीतरी नोकरीसाठी याच शहरात आली आहेत. शाळेला सायकलनं जाण्याची सवय सरकारनं लावली, आणि नोकरीच्या दारात त्याच माणसाला सांगितलं जातं की ही बाहेर लावा.

आता मुद्द्याकडे, चांगला सायकल स्टँड म्हणजे काय. कारण वाईट स्टँड ही नसलेल्या स्टँडपेक्षा फार बरी गोष्ट नाही.

आपल्याकडे सगळीकडे दिसतो तो चाक अडकवायचा स्टँड. जमिनीलगत वाकवलेल्या सळ्यांची रांग, त्यांच्या फटीत पुढचं चाक घालायचं. दिसायला व्यवस्थित, किमतीला स्वस्त, आणि सायकलीला घातक. सगळी सायकल एका चाकाच्या आधारावर तोललेली असते. शेजारच्यानं आपली सायकल काढताना धक्का दिला, की पूर्ण वजनाचा पीळ रिमवर येतो, तारा ढिल्या पडतात आणि चाक आउट होतं. शिवाय कुलूप लावायचं तर फक्त चाकालाच लावता येतं. हल्लीच्या सायकलींचं पुढचं चाक एक खटका ओढला की निघतं. चोर चाक तिथेच ठेवून बाकीची सायकल घेऊन जातो. जुन्या काळ्या सायकलीला मागच्या चाकाला गोल कुलूप असतं, पण तेवढ्यावर सायकल चालवता येत नाही इतकंच, उचलून टेंपोत टाकायला कुणाची हरकत नसते.

याला उत्तर फार जुनं आणि फार साधं आहे. लोखंडी पाइप उलट्या यू आकारात वाकवायचा आणि दोन्ही पाय काँक्रीटमध्ये रोवायचे. इंग्लंडमधल्या शेफील्ड शहरावरून याला शेफील्ड स्टँड म्हणतात. उंची सुमारे पाऊण मीटर, रुंदीही तेवढीच, पाइप दोनेक इंच जाडीचा. सायकल त्याला बाजूनं टेकते, म्हणजे आधार चौकटीला मिळतो, चाकाला नाही. साखळी किंवा यू-कुलूप चौकट आणि चाक दोन्हींतून घालून पाइपला अडकवता येतं. एका स्टँडला दोन्ही बाजूंनी मिळून दोन सायकली. मुलांची छोटी सायकल, बायकांची खाली उतरत्या दांड्याची, काळी जड सायकल, गिअरची, पुढे टोपली असलेली, सगळ्या यात बसतात. कुठल्याही गल्लीतला फॅब्रिकेटर हे करून देईल, त्यासाठी परदेशी सामान मागवावं लागत नाही.

दोन स्टँडमध्ये अंतर किती ठेवायचं, इथे बहुतेक ठिकाणी घोटाळा होतो. सायकल सुमारे एक मीटर ऐंशी सेंटिमीटर लांब असते आणि हँडल साठ-पासष्ट सेंटिमीटर रुंद. स्टँड निदान एक मीटर अंतरानं हवेत, नाहीतर हँडल हँडलात अडकतं, ब्रेकची तार शेजारच्याच्या घंटीत जाते आणि सायकल काढताना तिघांच्या सायकली पडतात. एका मोटारीची जागा साधारण पाच मीटर बाय अडीच मीटर. पाच मीटरच्या लांबीत पाच स्टँड, म्हणजे दहा सायकली. एक मोटार जेवढी जागा दिवसभर अडवून उभी असते आणि बहुधा एकाच माणसाला आणते, तेवढ्यात दहा माणसांची सोय होते. व्यवस्थापकाला पटवायचं असेल तर हा हिशेब पुरेसा आहे.

जागा फारच कमी असेल, तर दोन मजली रॅक मिळतात. वरचा कप्पा बाहेर ओढून खाली येतो, सायकल चढवली की स्प्रिंगच्या किंवा गॅसच्या दाबानं परत वर जातो. त्याला पावणेतीन मीटरच्या आसपास उंची लागते आणि वीस किलोची काळी सायकल वर चढवणं पन्नाशीच्या माणसाला जड जातं. म्हणून असा रॅक लावला तरी खालची रांग काळ्या सायकलींना आणि वयस्कर माणसांना राखून ठेवायला हवी.

पण स्टँड कसा आहे याहून तो कुठे आहे, हे जास्त महत्त्वाचं. माझ्या मते नियम एकच ठेवावा: सायकलीची जागा मुख्य दाराला मोटारीच्या जागेपेक्षा जवळ असली पाहिजे, आणि पहारेकऱ्याच्या खुर्चीवरून दिसली पाहिजे. दिसते ती सायकल चोरीला जात नाही. दुसऱ्या तळघराच्या टोकाला, ट्यूबलाइट बंद पडलेल्या कोपऱ्यात स्टँड दिला तर तिथे संध्याकाळी सात वाजता एकटी बाई जाणार नाही, आणि जाऊही नये. तळघराचा उतार हा वेगळाच अडथळा. तो मोटारीच्या इंजिनाला सोसेल असा तीव्र असतो, वरून गुळगुळीत, पावसात निसरडा, आणि समोरून गाडी आली की सायकलवाल्याला अंग चोरायला जागा नसते. सायकल खाली न्यावीच लागत असेल तर जिन्याच्या कडेला चाकापुरती लोखंडी नाळ बसवता येते. नेदरलँड्समध्ये, जपानमध्ये रेल्वे स्टेशनांवर अशा नाळी सर्रास असतात. आपण पायऱ्या चढायच्या, सायकल नाळेतून वर येते.

आणि छप्पर. बेंगळुरूचा मोठा पाऊस सप्टेंबर-ऑक्टोबरात पडतो, वळवाचा मे महिन्यात, आणि दोन्ही वेळा तो बहुधा दुपारनंतर किंवा संध्याकाळी येतो, म्हणजे नेमकी सायकल उघड्यावर उभी असताना. साखळी गंजते, सीट भिजते, आणि भिजलेल्या सीटवर ऑफिसच्या कपड्यांत बसून घरी जायची कल्पना कुणालाच आवडत नाही. एप्रिलचं ऊन टायरचं रबर आणि सीटचं रेक्झिन फोडतं. चार खांब आणि पत्रा एवढ्यानं हे सगळं टळतं.

मग प्रश्न येतो घामाचा. चार-पाच किलोमीटरला बेंगळुरूच्या हवेत फारसा घाम येत नाही, पण सदाशिवनगरकडचा चढ चढून आलेल्या माणसाला तोंड धुऊन शर्ट बदलावासा वाटणारच. त्यासाठी पंचतारांकित शॉवर लागत नाही. एक मोरी, एक नळ, एक बादली, दारामागे चार खुंट्या, आरसा आणि कुलूप लावता येईल असे काही कप्पे. अर्ध्या बादलीत काम होतं, आणि पाण्याची टंचाई सोसलेल्या या शहरात अर्धी बादलीच बरी.

या सोयींचा खरंच फरक पडतो का, याचं मोजमाप झालेलं आहे. व्हर्जिनिया टेक विद्यापीठाचे राल्फ ब्युलर यांनी २०१२ साली अमेरिकेतल्या वॉशिंग्टन परिसरातल्या नोकरदारांचा अभ्यास प्रसिद्ध केला. कामाच्या जागी नुसता सायकल स्टँड असलेल्यांत सायकलनं कामावर जाण्याची शक्यता काहीच सोय नसलेल्यांच्या १.७८ पट निघाली. स्टँडबरोबर शॉवर आणि कपड्यांचे कप्पे असतील तर ४.८६ पट. आणि ज्यांना ऑफिसात मोटारीची जागा फुकट मिळत होती, त्यांच्यात ती शक्यता ७० टक्क्यांनी कमी. शेवटचा आकडा मला सगळ्यात बोलका वाटतो. कंपनी मोटारवाल्याला रोज फुकट जागा देते, म्हणजे न सांगता त्याचा पगार वाढवते. सायकलनं येणाऱ्याला त्यातलं काही मिळत नाही.

न्यूयॉर्कनं हा प्रश्न कायद्यानं सोडवायला घेतला. २००९ साली तिथल्या नगर परिषदेनं नियम केला, की मालवाहू लिफ्ट असलेल्या ऑफिसच्या इमारतीत भाडेकरूनं मागणी केली तर मालकाला सायकल आत येऊ द्यावी लागेल. जागा नसेल तर माणूस सायकल स्वतःच्या ऑफिसात टेबलाशेजारी ठेवेल, पण दारात अडवता येणार नाही. नेदरलँड्समध्ये उत्रेख्तच्या स्टेशनाखाली २०१९ साली साडेबारा हजार सायकलींचा स्टँड पूर्ण झाला. एवढी मोठी उदाहरणं ऐकून आपल्याकडे लोक म्हणतात की ते श्रीमंत देश आहेत. न्यूयॉर्कच्या नियमाला मात्र पैसाच लागला नाही, लागली ती दार उघडं ठेवण्याची सक्ती.

आपल्याकडे कागदावर बरंच काही आहे. २००६च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणानं गाड्यांऐवजी माणसांची ने-आण महत्त्वाची मानली. पुणे महापालिकेच्या सर्वसाधारण सभेनं डिसेंबर २०१७ मध्ये सर्वंकष सायकल आराखडा मंजूर केला. केंद्राच्या ‘सायकल्स फॉर चेंज’ स्पर्धेत २०२१ साली निवडलेल्या अकरा शहरांत बेंगळुरू, नागपूर आणि पिंपरी-चिंचवड होती. कर्नाटकाच्या नगर भू-परिवहन संचालनालयानं चालणाऱ्यांच्या आणि सायकलस्वारांच्या हक्कांसाठी विधेयकाचा मसुदाही केला. बेंगळुरूत जयनगरला सायकल मार्ग आखले गेले आणि त्यांवर गाड्या उभ्या राहिल्या. पुण्यात २०१७-१८ मध्ये भाड्याच्या पिवळ्या-केशरी सायकली आल्या. त्या उतरवून ठेवायला कचेऱ्या, दुकानं, सोसायट्यांच्या दारात पक्क्या जागा नव्हत्या, म्हणून फुटपाथवर पडल्या, लोकांच्या पायात आल्या, आणि योजना बदनाम झाली. सायकल चालते किती वेळ, तर वीस मिनिटं. उभी असते दिवसभर. त्या उभ्या सायकलीचा विचार न करता केलेली योजना अर्धीच राहणार.

खासगी कंपन्यांचं एक दुखणं वेगळं आहे. बेंगळुरूतल्या कित्येक ऑफिस इमारतींच्या दर्शनी भागात लीड या अमेरिकन हरित मानांकनाची पाटी असते. त्या मानांकनात सायकलीच्या सोयीला गुण आहे: इमारतीत नियमित काम करणाऱ्यांपैकी ५ टक्के लोकांपुरती सुरक्षित जागा, कमीत कमी चार सायकलींची, आणि पहिल्या शंभर माणसांमागे एक शॉवर. पण तो गुण ऐच्छिक आहे. घेतला नाही तरी बाकीच्या गुणांवर पाटी मिळते, आणि घेतला तरी तो स्टँड दहा वर्षांनंतर सायकलींसाठीच राहिला आहे की तिथे जुनी कपाटं रचली आहेत, हे कुणी पाहायला येत नाही. आपल्या ऑफिसच्या भिंतीवर अशी पाटी असेल, तर सायकलीची जागा कुठे आहे हे व्यवस्थापकाला विचारायचा प्रत्येकाला हक्क आहे.

दबाव खालून आला की हलतं, हे बेंगळुरूनं थोडं दाखवलंही आहे. शहराचे ‘बायसिकल मेयर’ म्हणून काम केलेले सत्या शंकरन आणि त्यांचे सहकारी यांनी ‘सायकल टू वर्क’ नावाचं ॲप चालवलं, ज्यात सायकलनं ऑफिसला केलेल्या फेऱ्या नोंदल्या जात आणि कंपन्यांची क्रमवारी लागे. आपली कंपनी शेजारच्या कंपनीच्या मागे आहे हे दिसलं की कर्मचारी स्वतःच सोयी मागायला लागतात. विज्ञान संस्थेच्या आवारातही २०१२ साली ‘नम्म सायकल’ नावानं भाड्याच्या सायकलींचा प्रयोग झाला. त्या आवारात सायकल हे विद्यार्थ्यांचं रोजचं वाहन, प्रत्येक विभागाच्या दाराशी सायकली. फाटकाबाहेर पडलं की चित्र पालटतं, आणि मधलं अंतर एका भिंतीचं आहे.

मल्लेश्वरमची अडचण मात्र मोठ्या आयटी पार्कांपेक्षा निराळी आहे. इथे कामाच्या जागा म्हणजे जुन्या बंगल्यांत थाटलेले दवाखाने, वकिलांच्या आणि सीएंच्या कचेऱ्या, बँकेच्या शाखा, शिकवण्या, दुकानं. पुढे अंगण उरलेलं नाही, तळघर नाही. पाच-सात माणसांच्या कचेरीला स्वतंत्र स्टँड सांगणं अवघड. पण याच वस्तीच्या रचनेत एक जागा दडलेली आहे. १८९८च्या प्लेगच्या सुमारास दाटीवाटीच्या पेठेतून लोकांना बाहेर काढून मोकळी हवा मिळावी म्हणून मल्लेश्वरम आणि बसवनगुडी या वस्त्या आखल्या गेल्या. काटकोनात रस्ते, आणि घरांच्या दोन रांगांच्या पाठीमागे अरुंद सेवा-गल्ल्या, जिथून सफाई कामगार मैला उचलून नेत. ड्रेनेज आल्यावर त्या गल्ल्यांचं काम संपलं, आणि त्या कचऱ्याच्या, मोडक्या स्कूटरींच्या, अतिक्रमणाच्या झाल्या. गेल्या काही वर्षांत स्थानिक रहिवाशांनी आणि स्वयंसेवकांनी त्यांतल्या काही साफ केल्या, भिंतींवर चित्रं काढली, फरशी घातली.

मला वाटतं, या गल्ल्यांत सामायिक सायकल स्टँड उभे करावेत. एका ब्लॉकच्या सगळ्या कचेऱ्यांनी मिळून एक: भिंतीलगत एकेरी रांग, वर पत्रा, दोन्ही तोंडांना दिवे, आणि दिवसभर एक माणूस. देवळाबाहेर चप्पल स्टँडवर मावशी बसलेल्या असतात, नंबराचा बिल्ला देतात, तसंच. आत जाणाऱ्या माणसाची वस्तू बाहेर सांभाळणं ही जबाबदारी देवस्थानाला कुणी शिकवावी लागली नाही. काडु मल्लेश्वराच्या देवळात, जिथल्या १६६९च्या शिलालेखात एकोजीराजांच्या दानाची नोंद आहे, रोज येणाऱ्यांच्या चपला जर नीट सांभाळल्या जातात, तर रोज कामाला येणाऱ्यांच्या सायकलीही सांभाळता येतील. बाजारात आलेली गिऱ्हाइकं, क्लासला आलेली मुलं, कुणाच्या घरी कामाला आलेल्या मावशी, सगळ्यांना तो स्टँड उपयोगी पडेल. खर्च ब्लॉकमधल्या दुकानांत आणि कचेऱ्यांत वाटून घेतला, तर एकेकाच्या वाट्याला फार येणार नाही, आणि एखाद्या निवृत्त माणसाला किंवा बचत गटातल्या बाईला रोजगारही मिळेल.

स्टँड झाला की सांभाळावा लागतो, आणि इथेच बहुतेक चांगल्या स्टँडांचा शेवट होतो. नोकरी सोडून गेलेल्यांच्या, पंक्चर होऊन टाकून दिलेल्या सायकली जागा अडवतात. दोन वर्षांत अर्धा स्टँड मेलेल्या सायकलींनी भरतो आणि चालू सायकलवाला पुन्हा फुटपाथवर जातो. यावर सोपा उपाय आहे. वर्षातून दोनदा सगळ्या सायकलींना तारखेची चिठ्ठी बांधायची, महिनाभरात जिची चिठ्ठी मालकानं काढली नाही ती बाजूला काढून ठेवायची, आणि आणखी तीन महिन्यांत कुणी आलं नाही तर दुरुस्त करून इमारतीतल्याच ज्याला गरज आहे त्याला द्यायची. स्टँडजवळ एक उभा पंप आणि पान्यांचा एक संच साखळीनं बांधून ठेवावा. विजेवर चालणाऱ्या सायकली वाढत आहेत, त्यांच्यासाठी उंचावर, पावसापासून झाकलेले दोन-चार प्लग असावेत, मात्र बॅटरी रात्रभर चार्जिंगला ठेवायला परवानगी नसावी. आणि स्टँडवरच्या जागा पदानुसार वाटू नयेत. जो आधी येईल त्यानं दाराजवळची जागा घ्यावी. सकाळी सहाला झाडलोट करायला येणारी माणसं सगळ्यांच्या आधी येतात, तेव्हा ती पहिली जागा बहुधा त्यांचीच असेल.